रॅम घेण्याआधी चिपा मोजाव्यात

जुन्या डेस्कटॉप संगणकाची रॅम वाढवण्यासाठी दुकानात गेलेला ग्राहक बहुधा दोनच गोष्टी सांगतो, ‘डीडीआर३’ आणि ‘चार जीबी’. आणि दुकानदारही तेवढ्यावर समाधान मानून पट्टी काढून देतो. या दोन गोष्टी आवश्यक असल्या तरी पुरेशा नसतात, कारण चार जीबी हा केवळ बेरजेचा आकडा आहे आणि ती बेरीज पट्टीवरील किती चिपांत, प्रत्येकी किती क्षमतेने वाटलेली आहे यावर जुना मदरबोर्ड, म्हणजे बोलीतला ‘बोर्ड’, ती पट्टी स्वीकारील की नाही हे ठरते. नव्या संगणकांच्या बाबतीत या तपशिलाकडे दुर्लक्ष केले तरी सहसा बिघडत नाही; दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकांच्या बाबतीत मात्र नेमके तेथेच घोडे पेंड खाते.

प्रथम डीडीआरच्या पिढीचा प्रश्न निकालात काढावा, कारण तो सर्वांत सोपा आहे. रॅम म्हणजे संगणक चालू असेपर्यंतच माहिती धरून ठेवणारी मेमरी, आणि डेस्कटॉपमध्ये ती सुमारे १३३ मिलिमीटर लांबीच्या हिरव्या किंवा काळ्या पट्टीवर बसवलेल्या चिपांच्या रूपात येते. या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी संपर्कबिंदूंची रांग असते आणि त्या रांगेत एके ठिकाणी खाच असते. डीडीआरच्या पट्टीला १८४, डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोहोंना २४०, तर डीडीआर४ ला २८८ संपर्कबिंदू असतात. आणि २४० ची संख्या समान असली तरी डीडीआर२ व डीडीआर३ यांच्या खाचेची जागा वेगळी असल्याने एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. ही खाच मुद्दामच ठेवलेली आहे, कारण डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५ व्होल्ट आणि डीडीआर४ ला १.२ व्होल्ट विद्युतदाब लागतो आणि चुकीच्या स्लॉटमध्ये पट्टी शिरली तर ती जळण्याचा धोका असतो. पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावण्याऐवजी खाच जुळते की नाही ते पाहावे. जोर लावून बसवलेल्या पट्टीने बोर्डाचा स्लॉटच चिरल्याचे प्रकार घडतात आणि तेव्हा वाढवायला निघालेला संगणक मोडीत जातो.

संगणक न उघडता आत काय आहे हे समजण्याचे मार्ग आहेत. विंडोज ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत टास्क मॅनेजरच्या कामगिरीच्या पानावर मेमरीचा विभाग उघडल्यास किती स्लॉट आहेत, त्यांपैकी किती भरलेले आहेत आणि रॅम सध्या कोणत्या गतीने चालते हे दिसते. ‘सीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्राम त्यापुढे जाऊन बोर्डाचे नाव, चिपसेट आणि प्रत्येक पट्टीचा उत्पादकाने दिलेला क्रमांक दाखवतो. पट्टीविषयीची ही माहिती तो पट्टीवरच असलेल्या ‘एसपीडी’ नावाच्या इवल्याशा चिपमधून वाचतो, जिच्यात ती पट्टी स्वतःची ओळख जपून ठेवते. लिनक्स वापरणाऱ्यांना ‘डीएमआयडीकोड’ या आज्ञेने जवळपास हेच कळते. मात्र अशा प्रोग्रामांनी सांगितलेली ‘कमाल क्षमता’ प्रमाण मानू नये. ती बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डातील अंगभूत प्रोग्राममध्ये, उत्पादकाने भरलेल्या तक्त्यातून येते आणि जुन्या बोर्डांवर ती सर्रास चुकीची असते. त्यापेक्षा झाकण काढून बोर्डावर छापलेले नाव टिपून घ्यावे आणि त्या नावाची उत्पादकाची माहितीपुस्तिका शोधावी. पुस्तिका मिळाली नाही, तर चिपसेटचे नाव हाती असले तरी काम भागते.

चिपसेट म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि इतर भाग यांच्यामधील देवाणघेवाण सांभाळणारा चिपांचा संच. इंटेलच्या कोअर २ ड्युओ आणि त्या काळच्या पेंटियम प्रोसेसरांबरोबर मेमरीवर नियंत्रण ठेवणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, या चिपसेटमध्ये असे. २००८ पासून आलेल्या कोअर आय मालिकेत तो प्रोसेसरच्याच पोटात गेला. एएमडीने तो बदल २००३ मध्येच, अ‍ॅथलॉन ६४ च्या वेळी, केला होता. म्हणून जुन्या इंटेल संगणकात ‘कोणती रॅम चालेल’ हा प्रश्न चिपसेटला विचारायचा असतो आणि त्यानंतरच्या संगणकात बऱ्याच अंशी प्रोसेसरला.

भारतात असेंबल केलेल्या संगणकांत ज्या चिपसेटचे बोर्ड मोठ्या प्रमाणावर लागले आणि जे अजूनही लहान कार्यालयांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि शाळांच्या संगणकखोल्यांत चालताना दिसतात, त्यांपैकी इंटेलचा जी४१ हा या विषयाचा उत्तम नमुना आहे. याच्या काही बोर्डांना डीडीआर२ चे, तर काहींना डीडीआर३ चे स्लॉट असतात आणि डीडीआर३ च्या बोर्डावर बहुधा दोन स्लॉट व कमाल आठ जीबी अशी मर्यादा दिलेली असते. आता अशा संगणकात एक किंवा दोन जीबीची पट्टी असेल, तर चार जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात हा सरळ हिशेब झाला. त्याप्रमाणे आजच्या बाजारातली चार जीबीची नवी डीडीआर३ पट्टी आणून लावली, की बहुतेक वेळा पडदा काळाच राहतो, आणि काही बोर्डांवर संगणक सुरू झाला तरी चार जीबीऐवजी दोनच जीबी दिसते. पट्टी परत नेली तर दुकानदार ती आपल्याकडच्या नंतरच्या पिढीतील बोर्डावर, समजा एच६१ वर, लावून दाखवतो आणि तेथे ती पूर्ण चार जीबी दाखवत बिनतक्रार चालते. ग्राहक म्हणतो पट्टी खराब आहे, दुकानदार म्हणतो बोर्ड खराब आहे, आणि प्रत्यक्षात दोन्ही चांगले असतात.

याचे कारण समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागते. संगणक मेमरीशी एका वेळी ६४ बिटांची देवाणघेवाण करतो. पट्टीवरील सामान्य चिप एका वेळी ८ बिट देते. म्हणून ६४ बिट भरण्यासाठी अशा ८ चिपा लागतात आणि एकत्र काम करणाऱ्या या चिपांच्या गटाला ‘रँक’ म्हणतात. चार जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ही क्षमता १६ चिपांत वाटली तर प्रत्येक चिपच्या वाट्याला २ गिगाबिट येतात आणि पट्टीवर दोन रँक होतात. ८ चिपांत वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला ४ गिगाबिट येतात आणि रँक एकच राहते. सुरुवातीच्या चार जीबीच्या डीडीआर३ पट्ट्या पहिल्या प्रकारच्या होत्या. कारखान्यांत ४ गिगाबिटच्या चिपा स्वस्तात बनू लागल्यावर दुसरा प्रकार रूढ झाला, कारण निम्म्या चिपांत तेच काम भागू लागले.

चिपच्या आत माहिती ओळी आणि स्तंभ यांच्या जाळ्यात साठवलेली असते, जशी मोठ्या गृहसंकुलातील खोली इमारत, मजला आणि दार यांच्या क्रमांकांनी शोधली जाते. कंट्रोलर चिपला प्रथम ओळीचा आणि नंतर स्तंभाचा पत्ता तारांवरून कळवतो. ८ बिटांच्या २ गिगाबिट डीडीआर३ चिपमध्ये ओळीचा पत्ता १५ बिटांचा असतो, तर ४ गिगाबिटच्या चिपमध्ये तो १६ बिटांचा असतो. जी४१ घडला तेव्हा डीडीआर३ ची २ गिगाबिट हीच मोठी चिप गृहीत धरलेली होती, त्यामुळे सोळावा बिट कळवण्याची सोय त्यात नाही. परिणामी ४ गिगाबिटच्या चिपमधील निम्म्या ओळींपर्यंत तो पोहोचूच शकत नाही. ही उणीव बायोस अद्ययावत करून भरून निघत नाही, कारण प्रश्न सिलिकॉनमध्ये कोरलेल्या रचनेचा आहे. जी४१ साठी म्हणूनच दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा एकूण १६ चिपा असलेली चार जीबीची पट्टी शोधावी लागते, आणि ती बहुधा वापरलेल्या मालातच मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीच्या परिसरात जुने सुटे भाग घेताना नुसते ‘चार जीबी’ न म्हणता ‘दोन्ही बाजूंनी चिप असलेली’ असे म्हटले, तर जाणत्या विक्रेत्याला पुढचे सांगावे लागत नाही.

हीच अडचण एक पायरी पुढे पुन्हा भेटते. एच६१ किंवा त्याच्या जवळपासच्या चिपसेटवर चालणारे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीचे कोअर प्रोसेसर ४ गिगाबिटच्या चिपा हाताळतात, म्हणून त्यांच्यावर आठ जीबीची १६ चिपांची पट्टी चालते. परंतु १६ जीबीची डीडीआर३ पट्टी ८ गिगाबिटच्या चिपांनी बनते, ज्यांच्या स्तंभाचा पत्ता एका बिटाने वाढलेला असतो, आणि ती या प्रोसेसरांवर चालत नाही. दोन स्लॉटच्या एच६१ बोर्डाची मर्यादा १६ जीबी आणि डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या चार स्लॉट असलेल्या टॉवरची ३२ जीबी सांगितली जाते, त्याचा अर्थ एवढाच की प्रत्येक स्लॉटला आठच्या वर जाता येत नाही.

चिपा मोजणे ही चाचणी महत्त्वाची असली तरी तिलाही बगल देणारा एक प्रकार बाजारात आहे, तो म्हणजे ‘फक्त एएमडीसाठी’ अशा बारीक अक्षरांच्या सूचनेसह, आणि पुष्कळदा त्या सूचनेशिवायही, विकल्या जाणाऱ्या स्वस्त पट्ट्यांचा. यांत सामान्यतः एका वेळी ८ ऐवजी ४ बिट देणाऱ्या चिपा वापरलेल्या असतात. अशा १६ चिपा मिळून एकच रँक होते. चिपा मोजल्या तर १६ भरतात आणि ग्राहक निश्चिंत होतो, पण इंटेलचा साधा डेस्कटॉप चिपसेट ४ बिटांच्या चिपा ओळखत नाही. चार जीबीच्या डीडीआर२ पट्टीबाबत हा अनुभव विशेष येतो, कारण त्या क्षमतेच्या सर्वत्र चालणाऱ्या डीडीआर२ पट्ट्या मुळातच दुर्मीळ आणि महाग आहेत. तेव्हा अशी पट्टी आश्चर्यकारकरीत्या स्वस्त मिळत असेल तर त्या स्वस्ताईचे कारण बहुधा हेच असते.

या दोन्ही फसगतींवर उपाय पट्टीवरच्या लेबलात आहे. लेबलवर रोमन अक्षरांत ‘४जीबी २आर×८ पीसी३-१०६००यू’ अशा धर्तीची ओळ छापलेली असते. यातील ‘२आर’ म्हणजे दोन रँक, ‘×८’ म्हणजे ८ बिटांच्या चिपा. जी४१ च्या मालकाला हवी असलेली पट्टी तीच. ‘१आर×८’ असेल तर ती ८ चिपांची नवी पट्टी, आणि ‘×४’ दिसल्यास ती साध्या डेस्कटॉपसाठी घेऊच नये. लेबल फाटलेले किंवा संशयास्पद असल्यास चिपवरील अक्षरे भिंगातून पाहावीत. सॅमसंगच्या डीडीआर३ चिपवर ‘के४बी२जी०८’ अशी सुरुवात असेल तर ती २ गिगाबिटची व ८ बिटांची, आणि ‘के४बी४जी०८’ असेल तर ४ गिगाबिटची. हायनिक्सच्या चिपवर ‘एच५टीक्यू’ नंतर येणारे ‘२जी८’ किंवा ‘४जी८’ हेच सांगते. धातूचे चकचकीत आवरण चढवलेली पट्टी जुन्या संगणकासाठी शक्यतो टाळावी; डीडीआर३ ला त्या आवरणाची गरज फारशी नसते आणि जे पाहायचे असते तेच त्याखाली झाकले जाते.

लेबलवरच्या आकड्यांनंतरचे शेवटचे अक्षरही सोडून देऊ नये. ‘यू’ म्हणजे साधी, डेस्कटॉपसाठीची पट्टी. ‘आर’ म्हणजे सर्व्हरसाठीची ‘रजिस्टर्ड’ पट्टी, जिच्यावर पत्त्याचे संकेत पुढे पाठवणारी एक वेगळी चिप मध्यभागी असते. सर्व्हर मोडीत निघाले की अशा पट्ट्या ढिगाने आणि कवडीमोलाने बाजारात येतात, त्यांची खाच साध्या डीडीआर३ पट्टीसारखीच असल्याने त्या स्लॉटमध्ये नीट बसतातही, पण साधा डेस्कटॉप त्यांच्यासह सुरू होत नाही. एका बाजूला ८ ऐवजी ९ चिपा दिसल्या तर नववी चिप चुका पकडण्यासाठी असते आणि पट्टी सर्व्हर किंवा वर्कस्टेशनची असते. ‘एस’ हे अक्षर लॅपटॉपच्या आखूड पट्टीचे. ती लांबीवरूनच ओळखू येते, मात्र काही छोट्या आकाराच्या आणि पडद्यातच संगणक असलेल्या डेस्कटॉपमध्ये हीच आखूड पट्टी लागते, त्यामुळे अशा यंत्राचे झाकण न उघडता खरेदी करू नये.

गतीची चिंता त्या मानाने कमी करावी. १३३३ आणि १६०० हे आकडे सेकंदाला होणाऱ्या देवाणघेवाणीची दशलक्षांतील संख्या दर्शवतात; प्रत्येक वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट जात असल्याने १६०० ला ८ ने गुणून १२८०० येतात आणि १३३३ चे ढोबळमानाने १०६०० होतात. म्हणजे १६०० आणि १२८०० ही एकाच गतीची दोन नावे आहेत. अधिक गतीची पट्टी कमी गतीच्या बोर्डावर बोर्डाच्या गतीने चालते, आणि दोन वेगवेगळ्या गतींच्या पट्ट्या एकत्र लावल्यास दोन्ही हळू पट्टीच्या गतीने चालतात. जी४१ चा डीडीआर३ वेग मुळात १०६६ चा असल्याने त्यासाठी १६०० ची पट्टी हट्टाने शोधण्यात अर्थ नाही.

विद्युतदाबाकडे मात्र एकदा पाहावे. ‘पीसी३एल’ असे लेबल असलेली डीडीआर३एल पट्टी १.३५ व्होल्टवर चालते आणि साधारणतः १.५ व्होल्टही सहन करते, म्हणून ती जुन्या डीडीआर३ बोर्डावर सहसा चालून जाते. उलट, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठीच्या काही बोर्डांवर डीडीआर३एल चे स्लॉट असतात, तेथे १.५ व्होल्टची पट्टी दीर्घकाळ वापरणे प्रोसेसरमधील कंट्रोलरच्या दृष्टीने धोक्याचे मानले जाते.

पट्टी एक घ्यावी की दोन घ्याव्यात, हा प्रश्न स्लॉट किती आहेत यावर आणि संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे की नाही यावर सोडवावा. बहुतेक बोर्डांवर मेमरीकडे जाणारे दोन मार्ग, म्हणजे दोन चॅनल असतात. दोहोंवर सारख्या क्षमतेची पट्टी असली की ते एकत्र काम करतात आणि मेमरीचा प्रवाह जवळपास दुप्पट होतो. प्रोसेसरच्या किंवा चिपसेटच्या अंगभूत ग्राफिक्सवर चालणारा संगणक पडद्यासाठीही हीच मेमरी वापरत असल्याने त्याला या जोडीचा फायदा अधिक जाणवतो. चार स्लॉटच्या बोर्डावर जोडी कोणत्या स्लॉटमध्ये लावायची हे पुस्तिकेतून पाहावे. पुष्कळ उत्पादक जोडीचे स्लॉट एका रंगाचे ठेवतात, पण सगळेच एका पद्धतीने नाहीत. जुनी दोन जीबी ठेवून तिच्या शेजारी नवी चार जीबी लावणे इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर चालते. दोन स्लॉटच्या संगणकात मात्र असा संसार मांडण्यापेक्षा जुनी पट्टी काढून सारखी जोडी लावणे बरे, कारण पुढे बिघाड झाला तर दोष कोणाचा हे शोधणे सोपे जाते.

रॅम वाढवूनही विंडोज ती दाखवत नसेल तर पट्टीला बोल लावण्याआधी विंडोजची आवृत्ती पाहावी. ३२ बिटांची विंडोज ७ किंवा १० एकूण चार जीबीच्या पुढे जात नाही आणि त्यातलाही काही भाग इतर उपकरणांच्या पत्त्यांसाठी राखला जात असल्याने प्रत्यक्षात तीन-साडेतीन जीबीच वापरात येते. ६४ बिटांच्या विंडोज ७ होम बेसिकची मर्यादा ८ जीबी आणि होम प्रीमियमची १६ जीबी होती. इंटेलच्या ९४५ सारख्या आणखी जुन्या चिपसेटवर तर ६४ बिटांची विंडोज टाकूनही चार जीबी पूर्ण मिळत नाही, कारण राखलेले पत्ते वर सरकवण्याची सोयच त्या चिपसेटमध्ये नाही. अशा संगणकावर रॅमसाठी पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ साठी इंटेलचा सामान्यतः आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जी४१ किंवा एच६१ च्या संगणकात घातलेली रॅम बहुधा एखाद्या हलक्या लिनक्ससाठी किंवा इंटरनेटला न जोडलेल्या हिशेबाच्या कामासाठी उपयोगी पडेल, हे ध्यानात ठेवूनच खर्चाची मर्यादा ठरवावी.

पट्टी बसवताना वीजजोडणीची वायर काढून चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबावे, म्हणजे बोर्डात उरलेला प्रवाह निघून जातो, आणि अंगावरील स्थिर विद्युत उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर उघडून, खाच जुळवून, पट्टीच्या दोन्ही कोपऱ्यांवर सारखा दाब द्यावा. खिट्ट्या ‘कट्ट’ असा आवाज करून आपोआप मिटल्या तरच पट्टी बसली असे समजावे, हाताने ओढून मिटवाव्या लागल्या तर ती अजून अर्ध्यातच असते. संगणक सुरू न होता भोंग्यासारखा ठरावीक आवाज करत राहिला, तर तो बहुधा मेमरीविषयीच तक्रार करत असतो. अशा वेळी सोनेरी संपर्कबिंदू शाळकरी खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्व तंत्रज्ञांना माहीत आहे आणि ती पुष्कळदा उपयोगी पडते, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेच्या भागात जिथे बिंदूंवर मळाचा पातळ थर धरतो. परंतु त्यावरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असल्याने हा उपाय वारंवार केल्यास मुलामाच निघून जातो. सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसणे अधिक सुरक्षित असते, आणि स्लॉटमधील धूळ ब्रशने काढायला विसरू नये.

संगणक सुरू झाला आणि बायोसमध्ये पूर्ण आकडा दिसला, म्हणजे पट्टी जुळली हे सिद्ध होते. ती निर्दोष आहे हे नव्हे. वापरलेली पट्टी घेतली असेल तर बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि त्या मुदतीच्या आतच ‘मेमटेस्ट८६+’ हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवावा. पट्टीच्या प्रत्येक जागेत माहिती लिहून ती परत वाचण्याचे काम तो करतो, जुन्या संगणकावर त्याची एक फेरी पूर्ण होण्यास काही तास लागू शकतात, आणि त्यात लाल रंगातील एकही चूक दिसली तरी पट्टी परत करावी. दोन पट्ट्या लावल्या असतील आणि चूक आढळली तर एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पुन्हा तपासावी, कारण दोष स्लॉटचाही असू शकतो. ही तपासणी संपेपर्यंत काढलेली जुनी पट्टी कोणाला देऊ अथवा विकू नये.